पाइप ऑर्गनचे ध्वनिमुद्रण व चित्रीकरण : श्रोत्याच्या स्थानाचा प्रश्न

प्रस्तावना

‘ऑर्गन’ हा शब्द उच्चारताच मराठी रसिकाच्या मनात संगीत रंगभूमी उभी राहते. रंगमंचासमोर बसलेला साथीदार, त्याच्या पायाखाली हलणारा भाता आणि गायकनटाच्या स्वराला मिळणारा अखंड आधार, हे या वाद्याचे मराठीतील रूप होय. ही पायपेटी धातूच्या कंप पावणाऱ्या पत्त्यांवर वाजते आणि नाटक मंडळीबरोबर ती गावोगाव हिंडत असे. युरोपातील मोठ्या चर्चमधील पाइप ऑर्गन तिचा दूरचा आप्त असला, तरी त्याचा स्वभाव अगदी निराळा आहे. त्यात हवा हजारो नळ्यांतून खेळविली जाते. सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी, तर सर्वांत मोठी सुमारे १० मीटर उंचीची असू शकते. मुख्य म्हणजे हे वाद्य सहसा हलविले जात नाही. ते ज्या वास्तूत उभे राहते त्या वास्तूसाठीच घडविले जाते; नळीचे तोंड किती रुंद ठेवावे व तिला हवेचा दाब किती द्यावा, हेदेखील कारागीर त्या दालनात उभा राहून, कानाने ठरवितो.

या एका भेदातून प्रस्तुत विषयाचे सर्व प्रश्न उद्भवतात. पायपेटीचे ध्वनिमुद्रण हे वाद्याचे ध्वनिमुद्रण असते. पाइप ऑर्गनचे ध्वनिमुद्रण हे वास्तूचेही ध्वनिमुद्रण असते. वास्तू एका बाजूने ऐकता येत नाही. तिच्यात कोठेतरी उभे राहावे लागते. ऑर्गनच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात ‘श्रोता कोठे बसला आहे?’ या प्रश्नाचे उत्तर, सांगितलेले असो वा नसो, अनुस्यूत असते. ऑर्गनच्या ध्वनिमुद्रिकांची समीक्षा मुख्यतः वादकाच्या शैलीविषयी व वाद्याच्या इतिहासाविषयी बोलते. या उत्तराकडे मात्र तिचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. चित्रीकरणाच्या काळात ही उणीव अधिक जाणवू लागली आहे.

वास्तूचा वाटा

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये ऑर्गनचा स्वर थांबल्यावर त्याचा निनाद विरण्यास सुमारे ११ सेकंद लागतात. इतक्या अवधीत वादकाने पुढचे कित्येक स्वर वाजविलेले असतात. श्रोत्याच्या कानी पडणारा नाद म्हणजे आत्ताचा स्वर आणि मागील अनेक स्वरांचे विरत जाणारे अवशेष यांचे मिश्रण होय. जो श्रोता ऑर्गनच्या निकट आहे त्याला नळीच्या तोंडाशी होणारा हवेचा हलका फुत्कार, पट्ट्यांची खटखट, भात्याचा उच्छ्वास हे सारे ऐकू येते. वेदीजवळ बसलेल्याला यांपैकी काहीच ऐकू येत नाही. त्याच्यापर्यंत एक विस्तीर्ण, कडा नसलेला नाद पोहोचतो. आणि खुद्द वादक? तो बहुधा वाद्याच्या पोटाशी बसलेला असल्याने नळ्यांचा समतोल त्यालाच सर्वांत वाईट ऐकू येतो. म्हणून वादक सहायकाला पट्ट्यांशी बसवून स्वतः खाली दालनात जातात व नादाचा अंदाज घेतात.

तेव्हा यांपैकी खरे ऐकणे कोणते? ध्वनिमुद्रकाला या प्रश्नाला बगल देता येत नाही, कारण मायक्रोफोन कोठेतरी टांगावाच लागतो. त्याच्यापुढे आणखीही अडचणी असतात. ३२ फुटी नळीचा सर्वांत खालचा षड्ज सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा असतो; तो कानापेक्षा छातीला आणि बाकाच्या लाकडाला अधिक जाणवतो. घरातील लहान ध्वनिक्षेपकातून तो जवळजवळ नाहीसा होतो. रस्त्यावरील वाहनांमुळे अनेकदा रात्री ध्वनिमुद्रण करावे लागते, आणि रात्रभरात तापमान उतरते. तापमान बदलले की साध्या नळ्यांची पट्टी सरकते, पत्तीच्या नळ्यांची मात्र फारशी सरकत नाही. परिणामी एकाच वाद्याचे दोन भाग परस्परांशी बेसूर होऊ लागतात. सायंकाळी वाजविलेला खंड आणि पहाटे वाजविलेला खंड एकमेकांना जोडता येईलच, याची शाश्वती नसते.

‘जोड’ ही बाब येथे विशेष अर्थाने महत्त्वाची ठरते. कोरड्या ध्वनिकक्षात चुकलेला स्वर पुन्हा वाजवून बसविणे सोपे असते. मोठ्या चर्चमध्ये मात्र नव्या स्वराच्या मागे जुन्या स्वरांचा निनादही हवा असतो. म्हणून वादकाला चुकीच्या बऱ्याच आधीपासून, निनाद पुरेसा साठेल अशा बेताने, पुन्हा वाजवीत यावे लागते. निनादाशिवाय बसविलेला जोड संगीत न जाणणाऱ्या श्रोत्यालाही ऐकू येतो. दालन एका क्षणापुरते रिकामे झाल्यासारखे वाटते.

तबकडीतून स्वरलिपी

विद्युत् मायक्रोफोन १९२५ च्या सुमारास प्रचारात येण्यापूर्वी चर्चमधील मोठ्या ऑर्गनचे समाधानकारक ध्वनिमुद्रण जवळजवळ अशक्य होते. कर्ण्याच्या तोंडाशी येऊन गाणे गायकाला शक्य होते; ऑर्गनला आणि त्याच्या चर्चला ते शक्य नव्हते. त्यानंतर मात्र घटना झपाट्याने घडल्या. १९२८ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये तेथील वादक लुई व्हिएर्न यांचे ध्वनिमुद्रण झाले. १९३० व १९३१ मध्ये सेंत-क्लोतिल्द येथे शार्ल तूर्नमीर यांचे, तर १९३२ मध्ये सँ-स्युल्पिस येथे ८८ वर्षांच्या शार्ल-मारी व्हिदोर यांचे वादन तबकडीवर उतरले.

व्हिदोर यांनी आपल्या पाचव्या सिंफनीतील सुप्रसिद्ध टोकाटा या तबकडीवर पुष्कळच सावकाश लयीत वाजविली आहे. तिचे खापर वादकाच्या वयावर फोडण्याची प्रथा आहे. ही प्रथा तितकीशी समाधानकारक नाही. सँ-स्युल्पिसचे दालन प्रचंड आहे आणि १८७० पासून व्हिदोर त्याच दालनात वाजवीत आले होते. तेथे किती वेगाने वाजविल्यास स्वर एकमेकांत कालवले जातात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आजचे वादक हीच रचना दुप्पट उत्साहाने वाजवितात आणि निकटच्या मायक्रोफोनमुळे प्रत्येक स्वर सुटा ऐकूही येतो. परंतु तो स्पष्टपणा मायक्रोफोनच्या जागेने दिलेला आहे, दालनाने नव्हे. लयीसंबंधीचा हा वाद वस्तुतः स्थानासंबंधीचा वाद आहे.

व्हिएर्न आणि तूर्नमीर यांची कथा याहून विलक्षण आहे. दोघेही उत्स्फूर्त वादनासाठी ख्यातकीर्त होते. आपल्या परंपरेत जिला ‘उपज’ म्हणतात तिच्याशी या कलेचे नाते सहज लक्षात येईल. मात्र फ्रेंच ऑर्गनवादक एखाद्या स्वरबंधावर क्षणार्धात संपूर्ण, बहुस्वरी, आकृतिबद्ध रचना उभारतो. उपासना संपली की ती रचनाही संपते. तबकडीने तिला धरून ठेवले. पुढे मोरिस द्युरुफ्ले यांनी या तबकड्या पुनःपुन्हा ऐकून ते वादन स्वरलिपीत उतरविले. व्हिएर्न यांच्या तीन उत्स्फूर्त रचना १९५४ मध्ये आणि तूर्नमीर यांच्या पाच १९५८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आज या रचना जगभरचे वादक छापील संहितेवरून वाजवितात. त्या क्षणी जे पुन्हा कधीही घडणार नव्हते, ते आता परीक्षेच्या व मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेत असते.

वाल्टर बेन्यामिन यांनी १९३५-३६ मधील आपल्या विख्यात निबंधात यांत्रिक प्रतिकृतीमुळे कलाकृतीचे ‘येथे आणि आत्ता’ असणे लोप पावते, असे प्रतिपादन केले. ऑर्गनच्या बाबतीत हे प्रतिपादन अर्धेच खरे ठरते. नोत्र-दामचे दालन तबकडीवर क्षीण झाले, हे निश्चित. पण त्याच तबकडीने एक नवे मूळ जन्माला घातले. शिवाय द्युरुफ्ले तटस्थ लेखनिक नव्हते. ते तूर्नमीर यांचे शिष्य होते, आणि नोत्र-दाममध्ये व्हिएर्न यांच्या जागी त्यांनी अनेकदा वादन केले होते. त्या काळच्या तबकडीत खर्जाचे स्वर पूर्णपणे मावत नसत. तेथे ऐकणाऱ्या कानाला त्या वाद्याची व त्या दालनाची आठवण साहाय्याला असणे, ही गोष्ट साधी नव्हे. तबकडी, कान आणि स्मृती या तिघांनी मिळून ही संहिता सिद्ध केली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

तीन उत्तरे

श्रोत्याच्या स्थानाविषयी विसाव्या शतकाच्या मध्यास तीन निरनिराळी उत्तरे पुढे आली. हेल्मुट वाल्खा हे तरुणपणीच दृष्टी गमावलेले जर्मन वादक. बाखच्या फ्यूगमधील प्रत्येक स्वररेषा दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे वाजवून घेऊन ते ती कंठस्थ करीत आणि मग सर्व रेषा मनात एकत्र आणीत. १९४७ पासून त्यांनी आर्किव्ह या संस्थेसाठी बाखच्या ऑर्गनरचना प्रथम ल्यूबेक येथील सेंट याकोबी चर्चमध्ये व नंतर कापेल या लहानशा गावी मुद्रित केल्या. कापेलचे ऑर्गन आर्प श्निटगर यांनी १६८० मध्ये हाम्बुर्गच्या एका चर्चसाठी बांधले होते. १८१६ मध्ये ते या गावी आले. ऑर्गन सहसा हलविले जात नाही, या वर केलेल्या विधानाला हा एक भाग्यशाली अपवाद होय. कापेलचे चर्च लहान असल्याने वाल्खांच्या ध्वनिमुद्रणात स्वररेषा अत्यंत स्वच्छ ऐकू येतात. येथे श्रोता जणू छापील संहितेसमोर बसलेला असतो. पुढे १९५६ मध्ये आल्कमार येथील मोठ्या चर्चमध्ये त्यांनी ‘आर्ट ऑफ फ्यूग’ मुद्रित केले, तेव्हा स्टिरिओ तंत्राने दालनाची रुंदीही त्या रेषांना लाभली.

मार्सेल द्युप्रे यांच्या १९५९ मधील सँ-स्युल्पिस येथील मर्क्युरी ध्वनिमुद्रिकांचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. ध्वनिमुद्रक रॉबर्ट फाइन मोजक्या मायक्रोफोनांवर भिस्त ठेवीत, आणि एकदा जागा ठरली की दालनाला बोलू देत. आरिस्तिद कावाय्ये-कोल यांनी १८६२ मध्ये पूर्ण केलेले, पाच स्वरपट्टांचे व शंभर स्टॉपांचे हे वाद्य येथे समोर उभ्या असलेल्या पर्वतासारखे ऐकू येते. काही तपशील धूसर होतात. परंतु ही धूसरता म्हणजे दोष नव्हे. त्या संगीताच्या कर्त्यांनी ती गृहीतच धरलेली होती.

तिसरे उत्तर ग्लेन गूल्ड यांचे. १९६२ मध्ये या कॅनडियन पियानोवादकाने टोरोंटोतील एका चर्चमध्ये ‘आर्ट ऑफ फ्यूग’चे पहिले नऊ खंड ऑर्गनवर मुद्रित केले. मायक्रोफोन नळ्यांच्या इतके निकट ठेवले होते की दालन जवळपास पुसले गेले. प्रत्येक स्वर तुटक, कोरडा, जवळजवळ उद्धट. ऑर्गनरसिकांनी ही ध्वनिमुद्रिका फारशी आपली मानली नाही. तथापि गूल्ड यांच्या भूमिकेत एक प्रामाणिकपणा आहे, तो मान्य करावा लागतो. १९६४ नंतर मैफलीचा त्याग करणाऱ्या या कलावंताला चर्चमध्ये बसलेल्या श्रोत्याचा आभास निर्माण करावयाचाच नव्हता. त्यांचा श्रोता घरी, खुर्चीत आहे आणि ध्वनिमुद्रण त्याला तसेच सांगते. वाल्खा, द्युप्रे आणि गूल्ड यांच्या मार्गांपैकी कोणता श्रेष्ठ, हा प्रश्न गौण आहे. तिघांनीही उत्तर निश्चित केले होते आणि ते शेवटपर्यंत पाळले, हे महत्त्वाचे.

कॅमेऱ्याचे आगमन

मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन बहुधा पश्चिमेकडील प्रवेशद्वारावरच्या सज्जात असतो. भाविक वेदीकडे तोंड करून बसतात. नाद त्यांच्या पाठीमागून, वरून येतो. वादक दिसत नाही. व्हिएर्न जवळजवळ दृष्टिहीन होते. आंद्रे मार्शाल आणि जाँ लांगले हे पूर्णतः अंध. ज्या परंपरेत वादकाची स्वतःची दृष्टीही अनावश्यक ठरू शकली, त्या परंपरेत श्रोत्याने वादकाला पाहावे ही अपेक्षा कोणी केली नव्हती. उलट वादकालाच वेदी दिसणे आवश्यक असे. त्यासाठी पूर्वी स्वरपट्टांच्या वर आरसा लावीत. नंतर त्याच्या जागी दूरचित्रवाणीचा लहान पडदा आला. म्हणजे चर्चच्या ऑर्गनपाशी कॅमेऱ्याचे एक काम वादकाला उपासना दाखविणे हे होते. आता तो उपासकांना वादक दाखवितो.

हा केवळ दिशेचा बदल नाही. चित्रफितीत हात व पाय निकटून दिसू लागताच ऑर्गन हे वेगाचे व कसरतीचे वाद्य होते. पायपट्ट्यांवर धावणारे बूट हे अशा चित्रफितींतील हमखास दृश्य झाले आहे. ज्या रचनांत पायांना विशेष काम नाही, त्या रचनांत कॅमेरा अस्वस्थ होतो. मग तो रंगीत काचांवर, खांबांवर, छतावर भटकू लागतो आणि वास्तू निव्वळ नेपथ्य होऊन बसते. जिचा नादातील वाटा अर्ध्याहून अधिक, तिला शोभेची वस्तू बनविणे ही या चित्रीकरणाची खरी विसंगती होय.

विसंगती तांत्रिक पातळीवरही दाखविता येते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ऑर्गनपासून ३४ मीटर अंतरावरील मायक्रोफोनमध्ये स्वर एकदशांश सेकंद उशिरा पोहोचतो. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रफितीत हे अंतर अडीच चौकटींचे होते, म्हणजे बोट पट्टीवर पडल्याचे डोळ्यांना दिसते आणि स्वर नंतर येतो. प्रेक्षकाला हे खटकते, म्हणून संपादक ध्वनी मागे सरकवून बोटाशी जुळवितो. परिणामी जो प्रेक्षक तयार होतो त्याचा डोळा वादकाच्या मनगटापाशी आणि कान दालनाच्या मध्यभागी असतो, आणि दोहोंमध्ये काहीच अंतर नसते. असे स्थान कोणत्याही चर्चमध्ये अस्तित्वात नाही. फ्रेंच विचारक मिशेल शियाँ यांनी चित्रपटातील दृष्टिबिंदू व श्रवणबिंदू यांत भेद केला होता. ऑर्गनच्या चित्रफिती हा भेद इतक्या सहजतेने मिटवितात की तो होता हेही ध्यानी येत नाही. ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटात लंडनच्या टेम्पल चर्चमधील ऑर्गनचा नाद अवकाशाच्या दृश्यांना जोडला आहे. हान्स झिमर यांच्या या संगीतात वाद्य वा वादक पडद्यावर येत नाही, आणि कदाचित म्हणूनच तेथे ऑर्गनची अदृश्यता अबाधित राहते. कथापटाने जे राखले ते वादनाच्या चित्रफितींनी गमवावे, हे चमत्कारिक आहे.

याला अपवाद आहेत. नेदरलँड्स बाख सोसायटीने २०१४ पासून बाखच्या समग्र रचना चित्रित करून विनामूल्य उपलब्ध करण्याचा जो प्रकल्प चालविला आहे, त्यातील ऑर्गनच्या काही चित्रफितींत वादकाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून स्टॉपच्या खुंट्या ओढणारे सहायक दिसतात. जुन्या वाद्यांवर एकट्या वादकाला हे काम साधत नाही. ध्वनिमुद्रिकेने या सहायकांना पूर्णपणे वगळले होते; कॅमेऱ्याने ते परत आणले. ऑर्गनवादन हे एकाकी प्रतिभेचे नव्हे, तर तीन-चार माणसांचे सामूहिक काम आहे, हे येथे युक्तिवादाशिवाय कळते. हात-पायांच्या निकटदृश्यांपेक्षा हे दर्शन कितीतरी मोलाचे आहे.

आता अनेक चर्चमध्ये मैफलीच्या वेळी दालनात पडदा लावून सज्जातील वादक दाखविला जातो. श्रोते आनंदित होतात, यात शंका नाही. पण पडदा समोर असतो आणि नाद मागून येत राहतो. ज्यांना पूर्वी पाठीमागून येणाऱ्या नादापुढे काहीही न पाहता बसावे लागे, त्यांना आता पाहण्यासारखे काही मिळाले आहे आणि त्याच कारणाने दालन ऐकणे त्यांना कठीण झाले आहे.

नोत्र-दाम, आधी व नंतर

या चर्चेला अलीकडे एक निकडीचे परिमाण प्राप्त झाले आहे. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९३५ मध्ये लंडनच्या ऑल हॅलोज या चर्चमध्ये बाखच्या रचना मुद्रित केल्या. १९४० च्या बाँबहल्ल्यात ते चर्च व ते ऑर्गन नष्ट झाले, तबकड्या तेवढ्या राहिल्या. फ्रान्समधील नांत कॅथीड्रलचे सतराव्या शतकात सुरू झालेले ऑर्गन राज्यक्रांतीतून आणि १९७२ च्या आगीतूनही वाचले, पण १८ जुलै २०२० रोजी जळाले. अशा प्रसंगी ध्वनिमुद्रिका रसास्वादाची वस्तू न राहता साक्षीपुरावा होते. संगणकीय ऑर्गनसाठी आज प्रत्येक नळीचा स्वर स्वतंत्रपणे मुद्रित केला जातो. नळ्यांची ही नोंद काटेकोर असते, दालन मात्र तिच्यात मुद्रकाने निवडलेल्या एक-दोन जागांपुरतेच येते.

१५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र-दामचे छप्पर जळाले. सुमारे ८,००० नळ्यांचे तेथील मुख्य ऑर्गन आगीतून बचावले, परंतु शिशाच्या धुळीने माखले. २०२० मध्ये ते उतरवून स्वच्छ करण्यात आले व पुन्हा उभारल्यावर नव्याने सुरात लावण्यात आले. ७ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या पुनरुद्घाटनात आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा आवाहन केले आणि चार वादकांनी आळीपाळीने उत्स्फूर्त वादनाने त्याला उत्तर दिले. जगभरच्या दूरचित्रवाणी प्रेक्षकांनी हा सोहळा पाहिला. व्हिएर्न यांची उपज तबकडीवर उतरल्याला त्या वेळी ९६ वर्षे झाली होती.

याच वाद्यावर ऑलिव्हिए लात्री यांनी जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे आगीपूर्वी जेमतेम तीन महिने, बाखच्या रचनांची एक ध्वनिमुद्रिका तयार केली होती. दालनाची ध्वनिशास्त्रीय मोजणी २०१३ मध्ये झालेली होती. मधल्या काळात भिंतींचा दगड स्वच्छ झाला, कोसळलेल्या कमानी नव्याने बांधल्या गेल्या. नळ्या त्याच आहेत. ज्या पृष्ठभागांवर त्यांचा नाद आदळतो ते पृष्ठभाग पूर्वीचे राहिलेले नाहीत. २०१९ ची ध्वनिमुद्रिका आणि २०२४ नंतरचे कोणतेही ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐकणाऱ्या अभ्यासकाला पहिला प्रश्न पडेल तो असा, की ऐकू येणारा भेद वास्तूतील बदलाचा आहे की मायक्रोफोनच्या जागेचा? ऑर्गनच्या ध्वनिमुद्रिकांबरोबरच्या पुस्तिकांत स्टॉपांची संपूर्ण यादी असते, दुरुस्त्यांची सनावळी असते, कधी कधी प्रत्येक खंडासाठी ओढलेल्या खुंट्यांची नोंदही असते. मायक्रोफोन कोणत्या खांबापाशी, किती उंचीवर, वाद्यापासून किती मीटरवर होता, हे बहुतेक पुस्तिका सांगत नाहीत.